कुत्रं चावलं नाही, पण हाड मोडलं: अर्जात शब्द कोणता लिहावा?

वडगाव, बेळगाव

मंडळी, नेमका शब्द हवा आहे. आमच्या काकी स्कूटीवरून भाजी घेऊन येत होत्या. गल्लीतल्या एका घरचं पाळलेलं कुत्रं उघड्या फाटकातून सुटलं आणि भुंकत चाकामागे लागलं. काकींनी घाबरून ब्रेक दाबला, गाडी घसरली, मनगटाचं हाड मोडलं. दात लागला नाही, नखसुद्धा नाही. मालक म्हणतात, "आमचं कुत्रं चावलंय काय? न्हाई न्हवं? मग आमचं काय चुकलं?"

पोलिसांत अर्ज द्यायचा आहे. 'कुत्र्याने हल्ला केला' म्हटलं तर फुगवून सांगितल्यासारखं होतं आणि 'कुत्रं आडवं आलं' म्हटलं तर काही घडलंच नाही असं वाटतं. एकाने सांगितलं, 'हयगय' हा शब्द घालाच. पण हयगय म्हणजे आळस ना?

शहापूर

'आडवं आलं' अजिबात नको. मांजर आडवं जातं, म्हैस आडवी येते, आणि आपण कपाळावर हात मारून पुढे जातो. त्यात दोष कुणाचाच नसतो. 'मागे लागलं' म्हटलं की कुत्र्याची करणी दिसते. 'अंगावर आलं' म्हणजे ते अगदी जवळ पोचलं. आणि 'कुत्रं अंगावर घातलं' म्हणाल तर सगळाच कर्ता बदलतो, कुत्रं बाजूला राहतं आणि धनी पुढे येतो. काकींच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही, तेव्हा रागाच्या भरात ते लिहू नका.

खानापूर

मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करतो, त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात. शहापूरच्या दादांनी शेवटी सांगितलेला फरक कायद्यातही तसाच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३५० खाली एक उदाहरण होतं: इजा करायच्या, भीती घालायच्या किंवा त्रास द्यायच्या इराद्याने कुणी दुसऱ्याच्या अंगावर झेप घ्यायला कुत्र्याला चिथावलं, तर तो फौजदारीपात्र बलप्रयोग. पुढच्या ३५१ मध्ये तर झेपही नाही. समोरच्याला 'आता हा कुत्रं सोडणार' असं वाटावं म्हणून कुणी क्रूर कुत्र्याचं मुसकं सोडायला लागला, तर तेवढ्यावरच 'हमला' झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात ही कलमं १२९ आणि १३० झाली.

म्हणजे बोलण्यातला 'हल्ला' कुत्रं करतं, पण कायद्यातला 'हमला' फक्त माणूस करतो. अर्जात 'हल्ला' लिहाल तर वाचणारा विचारणार, मालकाने घातलं काय? तुम्ही नाही म्हणाल, आणि अर्ज तिथंच ढिला पडेल.

आता हयगय. जुन्या मोडी पत्रांत 'हयगय न करणे' अशी ताकीद असायची. तिथे अर्थ आळस असा नाही, जे करायलाच हवं ते न करणं असा आहे. न्याय संहितेचं कलम २९१ (जुनं २८९) नेमकं याच अर्थाने बोलतं: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला संभाव्य धोका किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घ्यायला जो जाणूनबुजून किंवा हयगयीने चुकतो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड १,००० पर्यंत होता. या कलमात 'चावणे' हा शब्द कुठेच नाही. तुमच्या शेजाऱ्यांनी तो स्वतःच्या सोयीने घातलाय.

'जबर दुखापत' हाही ठरलेला शब्द आहे, 'लई लागलं' या अर्थाचा नाही. कलम ११६ मध्ये त्याचे प्रकार दिलेत. हाड किंवा दात मोडणं, निखळणं त्यात येतं. म्हणजे कायद्याने दात मोजलाय, पण जखमी माणसाचा. काकींचं मनगट यात सरळ बसतं, एक्स-रेची प्रत जोडा.

निपाणी

वरच्या कलमात 'संभाव्य' शब्द आहे, त्यावर थांबायला हवं. आपण शक्य आणि संभाव्य एकाच मापाने वापरतो. १९३२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एक खटला होता. बंद मोटारीत ठेवलेलं कुत्रं आत उड्या मारत भुंकत होतं, काच फुटली, बाजूने जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यात तुकडा गेला आणि डोळा काढावा लागला. तरी मालक सुटला. असं घडणं शक्य होतं, पण कुणा शहाण्या माणसाने आधी धरून चालावं इतकं ते संभाव्य नव्हतं, असा निकाल.

काकींचं प्रकरण तसं नाही. गाडीमागे लागणारं कुत्रं आणि उघडं फाटक, पुढे काय होणार हे पोरही सांगेल. म्हणून ते आधी कुणाकुणाच्या मागे लागलं होतं आणि मालकाला कुणी सांगितलं होतं काय, हे जरूर लिहा. भरपाईसाठी दिवाणी दावा लावायची वेळ आली तर मालकाला खोड ठाऊक होती, यावर बराच जोर असतो. मात्र काकी भरधाव होत्या असं निघालं तर भरपाई त्या मानाने कमी होऊ शकते.

अनगोळ

पण कोर्टाने दातामागे दहा हजार ठरवलेत म्हणे? मग दात नाही तर पैसे नाहीत?

खानापूर

ते पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचं, २०२३ चं. दाताच्या एका खुणेला किमान १०,००० रुपये. पण ती रक्कम सरकारने द्यायची, मोकाट जनावरांच्या प्रकरणांत. पाळलेल्या कुत्र्याच्या धन्याला ते लागू करून त्याची सुटका करू नका.

येळ्ळूर

'पाळलेलं' यावरच आमच्याकडे भांडण आहे. शेतातल्या घरी कुत्री असतात, रोज भाकरी खातात, रात्री राखण करतात, आणि कुणाला पाडलं की लगेच "ते आमचं न्हवं, दारातलं हाय." दारातलं म्हणजे कुणाचं?

निपाणी

झकास शब्द आहे हा. मालकी नको, राखण पाहिजे! पण कलमात 'मालक' नाही, 'ताब्यातला' आहे. पट्टा कुणी बांधला, लस कुणी टोचून आणली, रात्री कुणाच्या अंगणात बांधलेलं असतं, यावरून ताबा दाखवता येतो. येता-जाता बिस्किट टाकणाऱ्याला मात्र लगेच धनी ठरवू नये.

चिक्कोडी

एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही मराठीत सांगाल, लिहिणारा कन्नडमध्ये लिहील. घाईत 'नायी कडिदिदे' म्हणजे कुत्रं चावलंय असं पडलं की झालं, दवाखान्याच्या कागदावर चावा नाही आणि पुढचा वकील तेवढंच धरून बसणार. 'बेन्नट्टितु' म्हणजे पाठलाग केला, तो शब्द पाहिजे. हयगयीला तिकडे 'निर्लक्ष्यतन' म्हणतात. सही करायच्या आधी वाचून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे, आणि गुन्हा नोंदल्यावर एफआयआरची प्रतही फुकट मिळते.

आणि 'नायी इदे, एच्चरिके' अशी पाटी असली म्हणून मालक सुटत नाही. पाटी आत येणाऱ्यासाठी असते. काकी रस्त्यावर होत्या.

वडगाव, बेळगाव

सगळ्यांचे आभार. असं लिहितोय, बघा जरा: "सदर कुत्रे अर्जदाराच्या शेजाऱ्यांच्या ताब्यात असून ते वाहनांच्या मागे लागते हे त्यांना यापूर्वी सांगितले होते. तरीही फाटक उघडे ठेवून व कुत्रे न बांधता त्यांनी हयगय केली. कुत्रे भुंकत पाठलाग करत अंगावर आल्याने अर्जदार वाहनासह पडून डाव्या मनगटाचे हाड मोडले."

खानापूर

'सांगितले होते' याच्यापुढे कुणी आणि साधारण कधी ते घाला. आणि अर्जदार तुम्ही की काकी, ते आधी ठरवा. काकींची सही असेल तर त्यांच्याच तोंडून लिहा.