मदत हवी आहे: जठराची बायोप्सी पुन्हा तपासून घ्यायची आहे

आई ६८ वर्षांची. २०१४ मध्ये स्तनाचा लोब्युलर (दूधग्रंथींतला) कॅन्सर, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह. ऑपरेशन, केमो, मग पाच वर्षं लेट्रोझोल ही हार्मोनविरोधी गोळी. आता दोन घासांत पोट भरतं, वजन उतरतंय. एंडोस्कोपीत जठराची भिंत जाड आणि ताठर, अल्सर नाही. बायोप्सीत सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या कॅन्सरच्या) पेशी सापडल्या, म्हणून जठराचाच कॅन्सर धरून जठर काढायचा सल्ला मिळालाय.

पण लोब्युलर कॅन्सर बऱ्याच वर्षांनी जठरात पसरू शकतो आणि मायक्रोस्कोपखाली अगदी असाच दिसतो. तसं निघालं तर उपचार मुख्यतः हार्मोनविरोधी गोळ्यांचे, मग एवढं ऑपरेशन कशाला? बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, गाटा-३ (कॅन्सर मूळ स्तनाचा आहे का ते सुचवणारे मार्कर) केलेलंच नाही. पेट स्कॅनमध्ये जठर फारसं उजळलं नाही, पण लोब्युलरमध्ये त्यावर विसंबता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरचा जुना रिपोर्ट हाताशी आहे, जुना ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबवाले शोधतायत.

आम्ही नाशिकला. आईला प्रवास झेपणार नाही, मी ब्लॉक घेऊन मुंबईला जाऊ शकतो. 'डॉक्टरांशी बोला' सोडून सांगा, ते चालूच आहे.

मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पेशंटशिवाय नुसते ब्लॉक-स्लाइड तपासून देतात का, कागद कोणते लागतात? आणि ईआर, गाटा-३ सोबत आणखी कोणते मार्कर मागून घ्यावेत?