मदत हवी आहे: कोळशाची रिकव्हरी माझी २६ टक्के की बाबांचा एक आणा?

नमस्कार मंडळी,

मायनिंग डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट बोर्ड अँड पिलरवर (आडवे-उभे बोगदे काढून मधे कोळशाचे खांब सोडायची पद्धत) घेतलाय आणि एका आकड्यावर गाडी अडली आहे: रिकव्हरी, म्हणजे एकूण कोळशापैकी बाहेर किती आला.

पिलर मध्यापासून मध्यापर्यंत ३० मीटर, गॅलरी (खांबांमधला बोगदा) ४.२ मीटर रुंद. म्हणजे उरला २५.८ मीटरचा चौरस खांब. ९०० पैकी ६६५.६४ चौरस मीटर खांबातच, ७४ टक्के. बाहेर आला २६ टक्के.

बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका अंडरग्राउंड खाणीत एसडीएल (कोळसा भरायचं यंत्र) चालवायचे. (निवृत्त झालेत, पण नव्या घराचा स्लॅबसुद्धा काठीने ठोकून पाहिला. टण्ण वाजलं तर छत शाबूत, बद्द वाजलं तर बाजूला व्हा!) माझा आकडा ऐकून हसले. "सव्वीस? रुपयातला आणाभर काढला असेल आम्ही. डोक्यावर कोळसा, पायाखाली कोळसा, सगळा सोडून आलो."

मग डोक्यात प्रकाश पडला. तिथला सीम (कोळशाचा थर) १५ मीटरच्या आसपास जाड आणि गॅलरी उंच फार तर ३ मीटर. म्हणजे २६ चा पाचवा भाग, जेमतेम ५ टक्के!

रिपोर्टात कोणता आकडा लिहू? शिवाय, वर वस्ती असल्यामुळे तिथं डिपिलरिंग (सोडलेले खांबही काढणं) झालंच नाही. झालं असतं तर गोफच्या (कोळसा काढून मोकळ्या झालेल्या जागेच्या) कडेला सोडलेली रिब, म्हणजे कोळशाची पातळ भिंत, हिशेबातून कशी वजा करायची?

प्रतिसाद १
ओव्हरमन (खाणीतला पर्यवेक्षक) म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. दोन्ही आकडे बरोबर, फक्त भाजक वेगळा. तुमचे २६ हे गॅलरीच्या उंचीपुरते, बाबांचा आणा अख्ख्या सीमचा. दोन्ही द्या, पण 'कशाच्या' ते शेजारी लिहा, नाहीतर व्हायव्हात तिथेच पकडतील.

रिब वेगळी वजा करू नका. खांबातून काढलेल्या स्लाइसची (कापांची) मापं खाणीच्या प्लॅनवरून घ्या: क्षेत्रफळ गुणिले उंची गुणिले घनता. न काढलेली रिब त्यात येतच नाही. टब (कोळसा वाहायचे डबे) मोजून टन काढायच्या फंदात पडू नका, टबात छताचा दगडही येतो.

आणि बाबांना विचारा, सेक्शन एकच चालला का? जाड सीम बऱ्याचदा दोन सेक्शनमध्ये, म्हणजे एकाखाली एक अशा दोन पातळ्यांवर, चालवतात.

धागाकर्ता
धन्यवाद काका. विचारलं. वरचा सेक्शन बाबा लागायच्या आधीच चालून गेला होता, त्याचीही उंची ३ मीटर. म्हणजे १० टक्के. बाबा म्हणतात, "बरं, दीड आणा लिही."