सुबत्ता आली की रोग बदलतात, की नुसती माणसं जास्त जगतात?

पाटीपेन्सिल:
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राज्यनिहाय अहवालानुसार देशातल्या एकूण मृत्यूंत असंसर्गजन्य आजारांचा (हृदयविकार, मधुमेह वगैरे) वाटा १९९० साली ३७.९ टक्के होता, २०१६ साली ६१.८. अभ्यासमंडळात हे मांडायचंय. सगळं 'बदललेल्या जीवनशैली'वर ढकलता येईल का? आणि वजन बेताचं असलेल्यांनाही साखर का निघते?

आडगणित:
नाही ढकलता येणार. वाटा वाढला म्हणजे आजार वाढला असं नसतं. समजा एका भागात वर्षाला १०० मृत्यू : ४० हृदयविकार-मधुमेह वगैरे, ५० जुलाब, न्यूमोनिया, बाळंतपण, १० अपघात. नळाचं पाणी, लसी आणि ओआरएस आल्यावर त्या ५० चे १० झाले. आता एकूण ६० आणि त्यातले ४० म्हणजे ६७ टक्के! हृदयविकाराचा एकही मृत्यू वाढलेला नाही.

शिवाय वाचलेली पोरं साठीला पोचतात, तेव्हा त्या वयाचे आजार दिसणारच. म्हणून वयप्रमाणित दर बघा : दोन्ही वर्षांचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावायचे. एवढं करूनही जी वाढ उरते, तिच्याबद्दल बोला.

वेताळटेकडी:
बेताच्या वजनाबद्दल. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

याचं मूळ आईच्या पोटात असतानाच. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५. आपल्या बाळांत कमी पडतात ते स्नायू आणि आतले अवयव. खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र बरीचशी टिकते. असं शरीर अर्धपोटी राहिलं तर निभावतं. एकाच पिढीत तेल, साखर आणि दुचाकी आली की इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड कमी पडतं. म्हणजे दोष नुसत्या सुबत्तेचा नाही, ती किती झपाट्याने आली त्याचाही आहे.

पाटीपेन्सिल:
मग गावात तपासणी घेताना बीएमआय मोजूच नये?

वेताळटेकडी:
मोजा, पण २५ ऐवजी २३ पासून सावध व्हा आणि कंबर मोजा. पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० पासून धोका धरा. टेप बेंबीवर धरू नका (सगळे तिथेच धरतात). शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, उघड्या अंगावर.

गडचिरोली-नंदुरबारकडे शिबिर असेल तर एचबीए१सीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेवरून) विसंबू नका; तिकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही; आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट, थोडा जास्त. उपाशीपोटी रक्तशर्करा बरी : १२६ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा वर आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आडगणित:
एक भर. साथरोगतज्ज्ञ अब्देल ओमरान यांनी १९७१ साली मांडलेल्या रोगबदलाच्या क्रमात जुने साथरोग मागे पडतात, मग हृदयविकार-मधुमेहासारखे आजार येतात. आपल्याकडे जुने गेलेच नाहीत. मधुमेह्याला क्षयाचा धोका दोन-तीन पट, त्यामुळे क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर बघायलाच हवी. आणि 'श्रीमंतांचा रोग' हा शब्द मांडणीतून काढाच. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेह पाहणीच्या २०१७ च्या निष्कर्षांत सुधारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेह गरीब थरात जास्त निघालाय.