मोजक्या फोटोंतून बारवेचं थ्रीडी मॉडेल: कोलमॅप अर्धेच फोटो घेतोय

पायरी_पायरीने: चौकोनी बारव, मोबाइलवरचे ११ फोटो, ४००० × ३००० पिक्सेल. आता पाणी चढलंय, त्यामुळे नवे फोटो नाहीत. कोलमॅप (फोटोंतून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) त्यातले ५ जोडतो, आणि मॉडेलमध्ये समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर बसतात. मला पायऱ्यांची मापं हवीत, नुसतं फिरवून बघायचं नाही.

भिंगवाला: एक्झिफ (फोटोतच साठवलेली कॅमेरा-लेन्सची माहिती) शाबूत आहे का? ते नसलं की कोलमॅप फोकल लेंथ लांब बाजूच्या १.२ पट धरतो, म्हणजे ४८०० पिक्सेल. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २६ मिमी समतुल्य (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) असते, म्हणजे ३००० च्या आसपास. शेकडो फोटो असते तर बंडल अ‍ॅडजस्टमेंटने (कॅमेरे आणि बिंदू एकत्र जुळवून चूक कमी करणारी पायरी) हे सावरलं असतं, ११ मध्ये भिंती वाकतात. ३००० स्वतः भरा आणि सगळ्यांना एकच कॅमेरा ठेवा.

भिंती चढण्याचं कारण वेगळं. चारही बाजूंना त्याच पायऱ्या, तेच कोनाडे. पूर्वेचा कोनाडा पश्चिमेच्या कोनाड्याशी जुळतो. ११ फोटोंच्या ५५ जोड्या होतात, त्यातल्या खरोखर शेजारच्या तेवढ्याच हाताने यादी करून द्या. किमान इनलायर (फोटो जोडायला लागणारे खरे जुळलेले बिंदू) ३० वरून खाली आणायचा मोह टाळा. जास्त फोटो जोडले जातील, पण चुकीच्या भिंतीला.

पायरी_पायरीने: एक्झिफ नाही. दोन फोटो वाइड लेन्सचे आहेत.

भिंगवाला: मग त्यांचा कॅमेरा वेगळा: १३ मिमी असेल तर सुमारे १५०० पिक्सेल, आणि डिस्टॉर्शनही जास्त. आधी बाकीचे ९ बसवा.

ठिपके_ढग: तरीही सुटणाऱ्या फोटोंत कोन फार बदललेला असणार, तीसेक अंशांपुढे सिफ्ट (कोलमॅपची जुळणारे बिंदू शोधण्याची पद्धत) दगा देतो. तिथे मास्ट-थ्री-आर किंवा व्हीजीजीटी ही न्यूरल नेटवर्क मॉडेल्स चालवा. व्हीजीजीटी फोटो ५१८ पिक्सेलवर आणतं, म्हणून त्याच्या कॅमेऱ्यांच्या जागा फक्त सुरुवातीला वापरा, नंतर पूर्ण फोटोंवर बंडल अ‍ॅडजस्टमेंट हवंच. सारख्या भिंतींना हीदेखील फसतात. आकाश आणि पाणी आधी मास्क करा (झाकून वगळा). पाण्यातलं प्रतिबिंब तळाखाली दुसरी बारव उभी करतं. गॉसियन स्प्लॅटच्या (धूसर रंगीत ठिपक्यांनी दृश्य उभं करणारी पद्धत) वाटेला जाऊ नका, इतक्या कमी फोटोंत ते दिसायला छान आणि मापाला खोटं.

टेप_३०मी: काठ तर पाण्याबाहेर असेल ना? वरच्या दोन लगतच्या बाजू पूर्ण मोजा, एखादा दगड नको. एका बाजूने स्केल ठरवा, दुसरीने तपासा. दुसरी जुळली नाही तर आधी फोकल लेंथवर संशय घ्या. आणि जी पायरी एकाच फोटोत आहे तिचं माप यातून निघत नाही, ती नकाशात तुटक रेषेने दाखवा.