गुरुवारच्या मेजवानीइतकाच शुक्रवारही मोलाचा

थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतील कृतज्ञतेच्या सणाचा आनंद मुख्यतः गुरुवारच्या पंगतीत असतो, असे अनेकजण म्हणतात आणि ते मत रास्त आहे; परंतु मला त्यात शुक्रवारची भर घालावीशी वाटते. १९४१ च्या कायद्यानुसार अमेरिकेत हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि अनेक कार्यालयांना दुसऱ्या दिवशीही सुटी असल्याने सलग चार दिवस मोकळे मिळतात. गुरुवारी यजमानांचा जीव ओव्हनपाशी अडकलेला असतो, कारण भाजायला ठेवलेल्या टर्की पक्ष्याच्या आतले तापमान १६५ अंश फॅरनहाइटला पोहोचेपर्यंत पाने वाढता येत नाहीत.

शुक्रवारी मात्र कुणालाच घाई नसते. मुक्कामाला राहिलेली मित्रमंडळी उशिरा उठतात, उरलेला पंपकिन पाय, म्हणजे भोपळ्याचे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, चहाबरोबर संपवतात आणि कुणीतरी टर्कीची हाडे मंद आचेवर उकळायला ठेवते. आमच्याकडे त्याच पाण्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालून रस्सा होतो. सोबत क्रॅनबेरी या लाल, आंबट फळांचे, ताजी फळे वापरून केलेले, मोहरी-हिंगाची फोडणी, तिखट आणि गूळ घातलेले लोणचे असते, आणि या दिवसांत कैरीची उणीव ते बऱ्याच अंशी भरून काढते. असा दिवस, दुकानांत त्या दिवशी सवलती असल्या तरी, खरेदीच्या रांगांत घालवणे मला खरोखर नुकसानीचे वाटते, विशेषतः दूरच्या राज्यांत शिकणारी मुले घरी आलेली असताना, कारण दुपारच्या मेंढीकोटाच्या डावात ती स्वतःविषयी जितके मोकळेपणाने बोलतात, तितके वर्षभराच्या फोनवर बोलत नाहीत.