एरिख मेत्झे याची कारकीर्द मुलांपुढे कशी मांडावी?

मृणालिनी_वारजे

नमस्कार. माझी मुलगी दोन वर्षांपासून बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, सराव करते. तिच्या गटातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही पालक आळीपाळीने जुन्या सायकलपटूंविषयी बोलतो. येत्या रविवारी माझी पाळी आहे आणि मी जर्मनीतील डॉर्टमुंडचा सायकलपटू एरिख मेत्झे निवडला आहे.

त्याचा जन्म १९०९ सालचा. १९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने जर्मनीची रस्त्यावरची अनेक टप्प्यांची मोठी शर्यत, म्हणजे डॉइचलांड-रुंडफार्ट, जिंकली. पुढे तो मोटरसायकलच्या मागून धावणाऱ्या ट्रॅक शर्यतींकडे वळला आणि १९३४ मध्ये लाइपझिगला व १९३८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला व्यावसायिकांचा विश्वविजेता झाला. १९५२ च्या मे महिन्यात एरफुर्टच्या ट्रॅकवर पडून त्याचा मृत्यू झाला.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. रस्त्यावर एवढे यश मिळवलेला तरुण या धोक्याच्या प्रकाराकडे का वळला असेल? आणि दुसरी अधिक अवघड: पुढे मोटरसायकल वारा अडवत असेल, तर जिंकण्याचे श्रेय सायकलस्वाराचे किती? मुले हा प्रश्न विचारणारच, आणि त्यांना वरवरचे उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

फिक्सव्हील_शुक्रवारपेठ

मृणालिनीताई, विषय उत्तम निवडला आहे. दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण त्यातला थोडा भाग मी अंगावर घेतलेला आहे. तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीच्या तयारीसाठी आम्ही भल्या पहाटे जुन्या महामार्गावर देहूरोडच्या पुढे जात असू आणि एखादा ट्रक मिळाला की त्याच्या मागे लागत असू. आडोशात शिरताच कानातला वाऱ्याचा आवाज एकदम बंद होतो आणि स्वतःच्या चेनची किरकिर ऐकू येऊ लागते. वेग वाढतो, पण पायांना तो जाणवत नाही. मात्र ट्रकच्या मागच्या फाळक्यापलीकडचा रस्ता दिसत नाही आणि एक खड्डा सगळे संपवू शकतो. तो आमचा अविचार होता आणि मुलांनी तो चुकूनही करू नये, हे त्यांना अवश्य सांगा.

मेत्झेच्या खेळात हाच आडोसा नियमांत बसवलेला होता. मोटरसायकलच्या मागे एका चौकटीवर मोकळा फिरणारा आडवा रोलर असतो, म्हणजे सायकलचे पुढचे चाक त्याला टेकले तरी रोलर फिरतो आणि चाक अडकत नाही. सायकलही वेगळी असते: पुढचे चाक लहान, चिमटा (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) उलटा म्हणजे मागे वळवलेला, सीटला आणि हँडलला जास्तीचे आधार, मोठे चेनव्हील आणि अर्थातच फिक्स व्हील, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते. उलट्या चिमट्यामुळे स्वार रोलरच्या अधिक जवळ जातो आणि वेगात सायकल सरळ राहते. शिकाऊ मुलांना ही सायकल प्रत्यक्ष दाखवता आली तर निम्मे व्याख्यान तिथेच होईल.

आता श्रेयाचे. मोटरसायकल चालवणाऱ्याला जर्मन भाषेत श्रिटमाखर, म्हणजे पावलांची गती ठरवणारा, म्हणतात. तो पायऱ्यांवर ताठ उभा राहतो आणि त्याच्या हेल्मेटला मागच्या बाजूने ऐकू यावे अशी सोय असते, कारण सायकलस्वार मागून ओरडून सूचना देतो: वेग हवा असेल तर ‘आले’ आणि कमी करायचा असेल तर ‘हो’. पुढच्याने गडबडीत वेग वाढवला तर मागचा रोलरपासून तुटतो, आणि एकदा वाऱ्यात सापडला की काही क्षणांत त्याचा दम संपतो. ज्याला तासभर रोलरपासून वीतभर अंतर राखता येते आणि समोरचा आपल्याला कधी सोडून जाईल हे आधीच कळते, तो या खेळातला खरा खेळाडू. म्हणून माझ्या मते श्रेय अर्धे-अर्धे आहे, आणि मेत्झेचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

अंक_आणि_अंतर

वरील तांत्रिक माहिती उत्तम आहे, परंतु ‘अर्धे-अर्धे’ या निष्कर्षाशी मी सहमत नाही. अंतिम शर्यतीत प्रत्येक स्वारापुढे मोटरसायकल असते आणि रोलरचे नियम सर्वांना सारखेच असतात, त्यामुळे निकाल ठरतो तो मुख्यतः पायांनी आणि धीराने. आडोशामुळे फसवा ठरतो तो वेगाचा आकडा. १९२८ मध्ये बेल्जियमच्या लेओं वांडरस्टाउफ्टने मोंलेरीच्या ट्रॅकवर मोटरसायकलमागे एका तासात १२२.७७१ किलोमीटर कापले, तर १९५५ मध्ये बोखुमच्या वाल्टर लोमानने वुपरटालला ९४.१०६ किलोमीटर. याचा अर्थ लोमान दुबळा होता असा नाही, तर आडोसा किती मोठा आणि किती जवळ हे वेगळे होते. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, कोणत्याही आडोशाशिवाय झाक आंकेतीलचा तासाचा विक्रम ४६.१५९ किलोमीटरचा होता. म्हणून मुलांना वेग सांगू नका, क्रमांक सांगा: १९३४ मेत्झे, १९३७ लोमान, १९३८ पुन्हा मेत्झे. पाच वर्षांत तीन विश्वविजेतेपदे जर्मनीकडे, आणि त्यांतली दोन एकाच माणसाची.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला दिनदर्शिकेत दिसते. मेत्झेने १९३१ मध्ये जिंकलेली डॉइचलांड-रुंडफार्ट त्यानंतर थेट १९३७ मध्ये भरली. बाविसाव्या वर्षी जी शर्यत जिंकली, ती अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत झालीच नाही, आणि दुसरीकडे जर्मन ट्रॅकवर मोटरसायकलमागच्या शर्यतींना प्रेक्षकांची गर्दी असे. रोजीरोटी सायकलवर असलेल्या माणसाने त्या बाजूला वळणे मला स्वाभाविक वाटते. पुढे १९३९ ची विश्वस्पर्धा युद्धामुळे अपुरी राहिली आणि पुढची १९४६ मध्ये झाली. तिसाव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंत विश्वस्पर्धेची दारेच बंद होती. या खेळात माणूस चाळिशीपर्यंत टिकतो (लोमानने विक्रम केला तेव्हा तो चव्वेचाळीसच्या आसपास होता), त्यामुळे मेत्झेचे ते हिरावलेले प्रत्येक वर्ष मला फार लागते.

एक योगायोगही सांगतो. मेत्झे जन्मला त्याच वर्षी, १८ जुलै १९०९ रोजी, बर्लिनमध्ये नव्या ट्रॅकवर एका पेसरची, म्हणजे श्रिटमाखरची, मोटरसायकल प्रेक्षकांत घुसून पेटली आणि नऊ माणसे दगावली. हा धोका मेत्झेच्या पिढीला पूर्ण ठाऊक होता.

मृणालिनी_वारजे

आपणा दोघांचे मनापासून आभार. श्रेयाबाबतचा मतभेद मी मुलांपुढे तसाच ठेवीन आणि त्यांनाच बोलू देईन. १९३१ नंतर शर्यतच भरली नाही, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. त्याने सगळी कथाच बदलली.

अजून एकच विचारते. एरफुर्टचा अपघात सांगावा का? काही पालकांना तो नको वाटतो.

फिक्सव्हील_शुक्रवारपेठ

सांगावा, आणि शेवटी नव्हे तर मध्येच सांगावा. एरफुर्टचा अपघात शेवटी ठेवला तर मुलांच्या मनात फक्त पडणे राहील. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा, दोनदा विश्वविजेता झालेला माणूस युद्धानंतरही पुन्हा त्याच सायकलवर बसला, हे आधी ऐकू द्या. मग अपघात सांगून १९३८ च्या अ‍ॅमस्टरडॅमकडे परत या.

‘अंक_आणि_अंतर’ यांचा नियमांचा मुद्दा मी मान्य करतो, परंतु मागून ‘हो’ ओरडल्यावर वेळेवर वेग कमी करणारा माणूस नसेल तर पाय आणि धीर दोन्ही निकामी होतात, हे माझे मत कायम आहे.

रविवारी मी येतो. माझ्याकडे जुना एक चिमटा आणि लहान रिम पडून आहे. सायकलवर उलटा बसवून दाखवता येईल. फक्त १५ नंबरचा पाना तिथे असेल का, तेवढे पाहून ठेवा.