मुलाला स्काऊटमध्ये घालू का? आणि स्काऊट म्हणजे नक्की काय?

गोदाकाठ:
मुलगा यंदा पाचवीत गेलाय. शाळेतून चिठ्ठी आली आहे, स्काऊटला नाव द्यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. सासरे म्हणतात, "इंग्रजांची थेरं आहेत ती, त्यापेक्षा एनसीसीत घाल." नवरा म्हणतो, "आम्ही गळ्यात स्कार्फ बांधून २६ जानेवारीला उन्हात उभे राहायचो, बाकी काही आठवत नाही." आणि चिरंजीवांचा वेगळाच घोळ. मागच्या महिन्यात त्याच्या क्रिकेटच्या क्लासला 'स्काऊट येणार' अशी आवई उठली, तर झाडून सगळी पोरं नवे बूट घालून हजर. मोबाईलवरच्या गेममध्ये स्काऊट म्हणजे बंदूक घेऊन झाडीत लपलेला माणूस. मला विचारतो, "आई, यातला मी कोणता होणार?" मला उत्तर देता आलं नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

चटकमटक:
घाला बिनधास्त. आमच्या वेळी 'खरी कमाई' असायची, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवायचे. आमच्या संघाने भेळेची गाडी लावली. ८५ रुपये नफा झाला म्हणून नाचत होतो. सरांनी विचारलं, "चिंच, गूळ, कांदे कुठून आणले?" म्हटलं, घरून. "मग ते फुकट का?" करत त्यांनी नफा ४० वर आणला. आता माझं दुकान आहे. घरून आणलेली चिंच अजून हिशेबात धरतो.

निवृत्त मास्तर:
ताई, सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षं स्काऊटचं पथक चालवलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सासऱ्यांचं. एनसीसी आठवीच्या आसपास सुरू होते, पाचवीतल्या पोराला घेणारच नाहीत. शिवाय ती संरक्षण मंत्रालयाखाली, १९४८ च्या कायद्याने आलेली. स्काऊट ही स्वयंसेवी चळवळ आहे. इंग्रजांची म्हणाल तर खरंच आहे, पण अर्धंच. भारतात १९०९ साली बंगळूरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्या पोरांना त्यात जागा नव्हती. म्हणून अ‍ॅनी बेझंटबाईंनी १९१६ साली मद्रासेत वेगळी संघटना काढली, मग अलाहाबादेत मालवीयजी, कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची. ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे प्रवाह एक होऊन 'भारत स्काऊट्स' झाले, पुढच्या वर्षी मुलींच्या गाईड्स आल्या. आजोबांना एवढं सांगा, बाकी ते बघून घेतील.

आता मुलाचा प्रश्न. तो फार बरोबर आहे, कारण तिन्हींचं मूळ एकच. फौज निघायच्या आधी एकदोघांनी पुढे जायचं, वाट कशी, पाणी कुठे, शत्रू किती ते पाहायचं आणि परत येऊन सांगायचं. तो स्काऊट. त्याने लढायचं नसतं. तो मेला तर बातमीही मेली. स्काऊट चळवळ सुरू करणारा बेडन पॉवेल हा असल्याच कामातला लष्करी माणूस. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला, तेव्हा तिथली लहान मुलं निरोप पोचवत होती, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. सैनिकांसाठी त्याने लिहिलेलं हेरगिरीचं पुस्तक शाळकरी पोरं वाचायला लागली, तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलं नेऊन तंबू ठोकले. बंदूक गळाली, बघणं राहिलं.

हे 'बघणं' किती अवघड असतं ते माझ्याच फजितीवरून सांगतो. एकदा माण तालुक्यात शिबिर ठरलं. जागा पाहायला मी सकाळी एका संघनायकाला सायकलवर पाठवलं, आठवीतला चुणचुणीत पोरगा. दुपारी परत आला. "सर, पाणी आहे." झालं. आम्ही बत्तीस पोरं, भांडी, तांदूळ घेऊन संध्याकाळी पोचलो. आड होता, आडात पाणीही होतं, पण चाळीस फूट खाली. रहाट मोडलेला आणि आमचा दोर निम्म्यात संपत होता. पोरगा रडवेला झाला. म्हणाला, "सर, मी वाकून बघितलं होतं, चकाकत होतं."

शेवटी एका घरातून बैलांचा कासरा मागून आणला. जाड दोर आणि बारीक कासरा, साधी गाठ मारली की ताण पडताच सुटणार. त्यासाठी शीट बेंड. जाड दोर दुमडून वळसा करायचा, बारीक दोरी त्यातून वर घ्यायची, दोन्ही पदरांच्या मागून फिरवायची आणि तिच्याच खालून काढायची. ओढाल तितकी आवळते. वर्गात ही गाठ त्यांना चार वेळा शिकवली होती, एकालाही नीट येत नव्हती. त्या दिवशी अंधारात टॉर्चवर पाच मिनिटांत आली, कारण घशाला कोरड पडली होती. पोहरा वर आला तेव्हा साडेआठ वाजले होते.

चूक पोराची नव्हती. मी त्याला 'पाणी बघून ये' एवढंच सांगितलं होतं आणि त्याने तेवढंच केलं. पुढे मी जागा बघायला जाणाऱ्याला वही द्यायला लागलो: किती खोल, दोर कोणाकडे, वाटेत ओढा लागतो का, जवळचं घर किती पावलांवर.

तुमच्या यजमानांचंही खोटं नाही. बऱ्याच शाळांत स्काऊट म्हणजे पाहुण्यांना सलामी द्यायची वेठबिगारीच. माझ्याच एका शाळेत वर्षभराचे तास गणिताच्या जादा वर्गाला गेले आणि तपासणीच्या आदल्या रात्री नोंदवह्या भरल्या गेल्या. भरणारा मीही होतो. तेव्हा नाव देण्याआधी शाळेत तीन गोष्टी विचारा. आठवड्याला तास खरंच होतो का? वर्षात किती रात्री तंबूत काढतात? सरांचं स्वतःचं प्रशिक्षण झालंय का? प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती, ही शिडी कागदावर सगळीकडे सारखीच असते.

स्क्वेअरलेग:
मास्तर, दंडवत. क्रिकेटचं मी सांगतो. पूर्वी निवड व्हायची ती आकड्यांवर आणि मोठ्या शहरांतून. २००२ च्या सुमारास बोर्डाने गुणवत्ता शोधणारी वेगळी शाखा काढली, कल्पना आपल्या क्रिकेट पत्रकार मकरंद वायंगणकरांची, प्रमुख दिलीप वेंगसरकर. माजी खेळाडूंनी गावोगावचे सामने बघून अहवाल द्यायचे. त्यातल्या प्रकाश पोद्दारांनी २००३ मध्ये जमशेदपूरला झारखंडचा एक यष्टिरक्षक पाहिला. शोधायची होती १९ खालची मुलं, हा होता २१ चा. तरी त्यांनी नाव कळवलं आणि वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. तो धोनी. म्हणजे इथेही तेच, जा, बघ, येऊन सांग. आणि ऐकणाराही लागतो. बाकी क्लासवाले 'स्काऊट येणार' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा फी वाढणार असते, हे माझं मत.

जुनी पाने:
बहिर्जी नाईक राहिले की! सभासद बखरीत सुरतेची बातमी आणणारा 'बहिरजी जासूद' आहे. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली, तिथे कुठे द्रव्य मिळेल हे आधी कळलेलं होतं. वेषांतराच्या गोष्टी नंतरच्या लोकांनी भरपूर जोडल्या, त्या चवीपुरत्या घ्या. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. मुलाला एकदा घेऊन जा, पाणी मात्र बरोबर न्या.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचे तिन्ही प्रश्न शाळेत विचारले. तास शनिवारी होतो, सरांचं प्रशिक्षण झालंय, तंबूचं विचारल्यावर मात्र ते जरा घुटमळले. "मैदानातच एक रात्र" म्हणाले. नाव दिलं.

घरी आल्यावर आडाची गोष्ट सांगितली. पोरगा वही घेऊन गच्चीवर गेला आणि टाकीत पाणी किती ते बघून आला: "पाऊण टाकी, झाकणाला तडा, आत एक कबुतराचं पीस." सासऱ्यांनी तिथल्या तिथे प्लंबरला फोन लावला. हेच पाणी आम्ही कधीपासून पितोय, देव जाणे.